मनाचा उपचार गावातच

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून एक भयंकर वास्तव समोर आलं. आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. सगळ्यांना पुरतील एवढे मानसोपचारतज्ज्ञ देशात नाहीत. या पेचावर एक विलक्षण तोडगा गोव्यात सिद्ध झाला आहे.

डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘संगथ’ संस्थेने मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशन शिकवलं. मग नव्या औषधाची घ्यावी तशीच त्याची कसून चाचणी घेतली. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले नैराश्याचे ४९५ रुग्ण तीत होते. खचलेला माणूस कामं, माणसं, आवडीनिवडी सोडत जातो आणि त्यामुळे आणखी खचतो. समुपदेशक सहा ते आठ भेटींत त्याच्याशी बोलून झेपेल असं एकेक काम ठरवतो आणि ते झालं का, हे पुढच्या भेटीत आवर्जून विचारतो. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते. समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. दर्जा टिकावा म्हणून समुपदेशक भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकून एकमेकांना गुणही देतात.

स्थानिक माणसांकडून मदत पोहोचवण्याची ही पद्धत सगळ्या वयांसाठी वापरली गेली. गोव्यात आणि रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना मुलाशी संवाद साधण्याचं प्रशिक्षण मिळालं. खचलेल्या गरोदर स्त्रियांना आधार द्यायला गावातल्याच ‘सखी’ पुढे आल्या. साठीपुढच्या १८१ जणांपैकी निम्म्यांना झोप, मधुमेह, सरकारी योजना अशा रोजच्या अडचणी सोडवायला मदत मिळाली. वर्षभरात त्यांच्यातल्या ४.४ टक्के लोकांना नैराश्याने गाठलं, इतरांत १४.४ टक्के. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत समुपदेशकांमुळे वातावरण सुधारलं. तेच काम शिक्षकांवर सोपवलं तेव्हा फरक पडला नाही. म्हणजे या कामाला स्वतंत्र माणूसच हवा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत अशाच उपक्रमानंतर उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

तीव्र आजारांना तज्ज्ञ आणि औषधं लागणारच. पण प्रत्येक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित, पगारी समुपदेशक नेमणं आज शक्य आहे, आणि नागरिकांनी त्याचा आग्रह धरायला हवा. तोवर १४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरात माहीत असावा.