भारमान : विमानातील रिकाम्या आसनाचा हिशेब

काही दिवसांपूर्वी नववीच्या वर्गात शेकडेवारीचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने वहीत जपून ठेवलेले वर्तमानपत्राचे एक जुने कात्रण आमच्यापुढे ठेवले. त्यात ‘इंडिगो’ या स्वस्त भाड्याच्या विमान कंपनीचे २०२४ सालातील दोन तिमाह्यांचे आकडे होते. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत कंपनीने २ कोटी ७९ लक्ष प्रवासी नेले आणि तीस २,७२८ कोटी रुपयांहून अधिक नफा झाला. पुढील जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत तिने २ कोटी ७८ लक्ष प्रवासी नेले, आणि तीस ९८६ कोटींहून अधिक तोटा झाला. “सर, माणसे तेवढीच, मग पैसा गेला कोठे ?” हा त्याचा प्रश्न. प्रश्न इतका रास्त होता की त्याचे उत्तर वर्गात अर्ध्या तासात उरकणे आम्हांस बरे वाटले नाही. म्हणून ते येथे सविस्तर देत आहो.

विमानाकडे जाण्यापूर्वी आपण घोडेगावच्या एस्. टी. थांब्यावर क्षणभर उभे राहू. यास कारण आहे. १ जून १९४८ रोजी सरकारी मोटार वाहतुकीची पहिली गाडी निघाली ती आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाहून, नगरहून पुण्यास. त्या एस्. टी. च्या कारभारात एक सुंदर मराठी शब्द रूढ आहे : भारमान. विमान कंपन्यांच्या हिशेबाची किल्ली याच शब्दात आहे.

समजा, पन्नास आसनांची एक गाडी घोडेगावहून नगरला निघाली, आणि सोयीसाठी हे अंतर ४० किलोमीटर धरू. पन्नास आसने चाळीस किलोमीटर गेली, म्हणजे गाडीने २,००० आसन-किलोमीटर विकावयास काढले. ही झाली तिची क्षमता. आता वाहक पाहतो तो पहिल्या २० किलोमीटरांत चाळीस उतारू आहेत, पुढे दहा उतरले व तीसच राहिले. तेव्हा विकले गेले किती ? चाळीस गुणिले वीस, अधिक तीस गुणिले वीस. एकूण १,४०० प्रवासी-किलोमीटर. दोन हजारांपैकी चौदाशे, म्हणजे भारमान शेकडा ७०. नुसती डोकी मोजून हा हिशेब लागत नाही, कारण थोडक्यात उतरणारा आणि शेवटपर्यंत जाणारा हे दोघे डोक्यांच्या मोजणीत सारखेच. गाडीच्या दृष्टीने मात्र सारखे नव्हेत.

विमान कंपन्या दर तीन महिन्यांनी जो तक्ता प्रसिद्ध करतात त्यात हीच तीन कलमे असतात : क्षमता, प्रवासी-वाहतूक आणि त्यांचे भारमान. मूल्य आहे ते आसनाच्या नाशवंतपणास. कांदा आज विकला नाही तर चाळीत घालून चार महिने थांबता येते. रिकामे आसन चाळीत घालता येत नाही. अरण्यात इस्राएल लोकांस मिळालेला मान्ना उद्यासाठी राखून ठेवणाऱ्यांच्या हाती सकाळी काय आले, हे आपल्या शास्त्राच्या वर्गातील मुलांस ठाऊक आहे. विमानाने धावपट्टी सोडली की रिकाम्या आसनाची तीच गत होते.

आता कात्रणातील आकडे घेऊ. पहिल्या तिमाहीत इंडिगोची क्षमता ३,६३० कोटी आसन-किलोमीटर होती व भारमान शेकडा ८६.७. दुसऱ्या तिमाहीत क्षमता वाढून ३,८२० कोटी झाली, पण भारमान शेकडा ८२.६ वर उतरले. गुणाकार करून पाहा. दोन्ही वेळी उत्तर सुमारे ३,१५० कोटी प्रवासी-किलोमीटर असेच येते ! म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने डोक्यांविषयी जे पाहिले ते अंतरासही लागू पडले. विकलेला माल तेवढाच. बाजारात मांडलेला माल मात्र १९० कोटी आसन-किलोमीटरांनी अधिक. जास्तीच्या आसनांपैकी जवळजवळ सर्वच रिकामी उडाली, आणि त्यांस इंधन, वैमानिक व विमानतळाचे शुल्क हे सर्व लागलेच.

परंतु खरी मेख अजून पुढेच आहे. ती आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी आमच्याआधी ओळखली. मुलाने घरी हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “टेम्पो गच्च भरून बाजारात नेला अन् कांद्याला भावच नसला, तर भरल्या टेम्पोचं काय कौतुक ?” घोडेगावच्या कांदाबाजारात आयुष्य गेलेल्या माणसास हे शिकवावे लागत नाही. भारमान हे किती भरले ते सांगते, काय भावाने भरले ते सांगत नाही. भाव सांगणारे कलम वेगळे असते, व ते म्हणजे दर प्रवासी-किलोमीटरमागे मिळालेले सरासरी भाडे. पहिल्या तिमाहीत हे ५ रुपये २४ पैसे होते, दुसऱ्या तिमाहीत ४ रुपये ५५ पैसे. फरक अवघा ६९ पैशांचा. पण ६९ पैशांस ३,१५० कोटींनी गुणले म्हणजे दोन हजार कोटींहून अधिक रुपये होतात. नफा व तोटा यांमधील जी दरी कात्रणात दिसते तिचा अर्ध्याहून अधिक भाग या पैशांनी पडला. बाकीचा खर्चाच्या बाजूने.

भाडे का उतरले, याचे उत्तर पंचांगात आहे. एप्रिल-जूनमध्ये शाळांस सुट्टी असते, लग्नसराई असते, लोक गावी व सहलीस जातात. जुलै-सप्टेंबरमध्ये पाऊस, शाळा, पेरणी. पुढे पितृपंधरवडा, ज्यात पुष्कळ लोक नवे काम हाती घेत नाहीत. गिऱ्हाईक कमी झाले की आसन स्वस्त करूनच भरावे लागते. आणि म्हणूनच जाणते लोक एका तिमाहीची तुलना तिच्या शेजारणीशी न करता गतवर्षीच्या त्याच तिमाहीशी करतात. रब्बीचा कांदा खरिपाच्या कांद्याशी कोण ताडून पाहतो? त्या रीतीने पाहिले तर २०२३ च्या पावसाळी तिमाहीत याच कंपनीस सुमारे १८९ कोटींचा नफा होता. तेव्हा २०२४ च्या तोट्याचा सगळा दोष पावसास देता येत नाही. कंपनीने कारणे दिली ती दोन : इंधनाचा खर्च आणि जमिनीवर उभी राहिलेली विमाने. एका परदेशी कारखान्याच्या इंजिनांत दोष निघाल्यामुळे तिची सत्तरच्या आसपास विमाने त्या काळात उडू शकत नव्हती. गंमत अशी की, उभ्या विमानाची आसने क्षमतेच्या कलमात धरलीच जात नाहीत, कारण ती कोठे गेलीच नाहीत. भाडे मात्र त्यांचे भरावेच लागते. तक्त्यावर भरवसा ठेवणाऱ्याने तक्त्यात काय नाही हेही विचारावे.

स्वस्त भाड्याची ही रीत भारतात आणली ती कर्नाटकातील कॅप्टन गोपीनाथ यांनी. सैन्यातून बाहेर पडून हे गृहस्थ प्रथम शेती करू लागले, रेशमाचे किडे पाळले, आणि २००३ साली त्यांनी ‘एअर डेक्कन’ ही कंपनी काढली. फुकट खाणे नाही, आसने दाटीची, विमान एका ठिकाणी शक्य तितके थोडे थांबवून दिवसात अधिक फेऱ्या, ही तिची सूत्रे. काही आसने तर एक रुपयास विकली. ज्यांनी विमान आकाशातच पाहिले होते असे हजारो लोक तिच्यामुळे त्यात बसले, हे तिचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. पण कंपनी तोट्यात राहिली, दुसऱ्याच्या हाती गेली आणि २००८ साली तिचे नावही मिटले. वडिलांनी सांगितलेल्या टेम्पोचा हा मोठा दाखला होय.

कित्येकदा अशा कंपन्यांचे समूह असतात. मलेशियातील ‘एअर एशिया’ २००१ साली केवळ एका रिंगिटास, अर्थात तिच्या कर्जासह, नव्या मालकांनी घेतली. पुढे थायलंड, इंडोनेशिया व फिलिपाईन्स या देशांत तिच्या बहिणी उभ्या राहिल्या. समूहाचे भारमान काढताना मुले हमखास चुकतात ती अशी : एका कंपनीची क्षमता १,००० व भारमान ९० टक्के, दुसरीची क्षमता १०० व भारमान ५० टक्के, तर सरासरी ७० टक्के असे ती लिहितात. विकले गेले ९०० अधिक ५०, मांडले होते १,१००. उत्तर सुमारे ८६.४ टक्के. परीक्षेत हे ध्यानात ठेवावे.

आपल्या जिल्ह्यासही विमानतळ आहे. शिर्डीजवळ काकडी येथील हा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते खुला झाला. धावपट्टी अडीच हजार मीटरांची. आरंभी बरीच वर्षे तेथे रात्री विमान उतरण्याची सोय नव्हती, ती २०२५ साली झाली. २०१९ च्या नोव्हेंबरात तर अंधुक हवेमुळे कित्येक दिवस उड्डाणे बंदच राहिली. यात्रेकरू होते, विमाने होती, पण दिसत नव्हते. म्हणजे क्षमता ही केवळ आसनांनी होत नाही, दिव्यांनी व यंत्रांनीही होते.

आणि माणसांनी होते. हे २०२५ च्या डिसेंबरात सर्व देशाने पाहिले. वैमानिकांस आठवड्यात सलग ३६ ऐवजी ४८ तास विश्रांती मिळावी, रात्रीची उतरणी कमी असावी, असे नियम सरकारने केले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला. इंडिगोने त्यासाठी पुरेसे वैमानिक तयार ठेवले नव्हते. ५ डिसेंबर रोजी एकाच दिवशी तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लग्नास निघालेले, परीक्षेस निघालेले, आजाऱ्यास भेटावयास निघालेले लोक विमानतळाच्या फरशीवर रात्र काढीत बसले. शेवटी सरकारने कंपनीस काही नियमांतून तात्पुरती सूट दिली व तिच्या फेऱ्यांत दहा टक्के कपातही केली. थकलेल्या माणसाच्या हाती दोनशे जीव देऊन मिळविलेले भारमान कोणासही नको आहे. तेव्हा चूक नियमाची नव्हती असेच आमचे मत आहे. या वर्गातून पुढे कोणी वैमानिक वा विमानतळावरील कारकून झाला, तर त्याच्या झोपेचाही हिशेब त्या तक्त्यात कोठेतरी असावयास हवा.

आता विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण देऊन लेखणी ठेवतो. ७८ आसनांचे एक विमान ५०० किलोमीटर गेले. त्यात ६५ प्रवासी असून सर्वजण शेवटपर्यंत गेले. क्षमता, प्रवासी-वाहतूक व भारमान काढा. नंतर प्रत्येक प्रवासी-किलोमीटरमागे ५ रुपये भाडे मिळाले असे धरून उत्पन्न काढा. आणि तेच उत्पन्न पूर्ण भरलेल्या विमानातून हवे असल्यास भाडे कितीपर्यंत उतरविता येईल, तेही सांगा. उत्तर घरी मोठ्यांस समजावून देता आले तरच बरोबर धरले जाईल.