वृद्धांच्या शुश्रूषेचे शिक्षण : शंभर वर्षांचा मागोवा

महाराष्ट्रात वृद्धांची शुश्रूषा हे पगारी काम म्हणून रुळले ते अलीकडे. त्याच्या शिक्षणाची सुरुवात मात्र रुग्णालयातल्या परिचारिकेपासून होते. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने तिथल्या स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळू लागले. परक्या माणसाचे अंग पुसायचे, मलमूत्र काढायचे, हे काम कुलीन बाईने करू नये असे मानणाऱ्या समाजात तरुण विधवांना त्याचे रीतसर शिक्षण आणि पगार मिळणे ही मोठी गोष्ट होती. पुढच्या सगळ्या वाटचालीचा पाया तोच.

स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली आणि अभ्यासक्रमांना चौकट मिळाली. एएनएम या साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेच्या अभ्यासक्रमाचा भर बाळंतीण, मूल आणि लसीकरण यांवर राहिला, जीएनएम या परिचारिकेच्या अभ्यासक्रमाचा रुग्णालयावर. म्हातारे माणूस घरात असे आणि त्याचे करणे सुनेकडे असे, म्हणून त्यासाठी वेगळे शिक्षण हवे हे कुणाच्या डोक्यात आले नाही. अनाथ-पंगुगृहे एकोणिसाव्या शतकापासून होती, पण ती आसरा देत; तिथे काम करणाऱ्याला शिकवावे लागते हा विचार फार उशिरा आला.

अशा अभ्यासक्रमांना लागणारी शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ मध्ये संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केले. मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख. वयाने मोठ्या झालेल्या बाईला थोडक्या काळात शालेय परीक्षेपर्यंत आणून नोकरीच्या किंवा पुढल्या शिक्षणाच्या वाटेला लावायचे, हा त्या योजनेचा गाभा. त्याची गरज आजही तितकीच आहे.

रायगड जिल्ह्यात रोह्याजवळच्या धाटावला मात्र कारखान्याच्या कामासाठी वेगळीच शिडी उभी राहिली. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आणि १९६२ मधली एमआयडीसीची स्थापना यांच्या पाठोपाठ कुंडलिका नदीच्या काठी रासायनिक कारखान्यांची वसाहत वाढली. आयटीआयमधून फिटर, इलेक्ट्रिशियन किंवा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, मग कारखान्यात अप्रेंटिस, मग कायम कामगार, ऑपरेटर, नशीब असेल तर सुपरवायझर, ही वाट गावातल्या मुलाला तोंडपाठ होती. त्या पिढीतले अनेक कामगार आता निवृत्त आहेत आणि मुले पनवेल, मुंबई, पुण्यात. शुगर, बीपी, अर्धांगवायू, गुडघे, विस्मरण हे सगळे गावातल्या घरात उरले. या म्हाताऱ्यांजवळ बसायला जी बाई येते तिच्यासाठी तशी शिडी कुणी बांधली नाही.

शहरांत तोवर घरी शुश्रूषेला बाया पुरवणाऱ्या ब्युरोंची पद्धत पडली होती. बारा तासांची दिवसपाळी किंवा रात्रपाळी, नाहीतर घरातच राहून चोवीस तास. पैसे ठरवणारा ब्युरो, कमिशन कापणाराही तोच. काम शिकायचे ते आधीच्या बाईकडे बघून. रुग्णालयात तिला मावशी म्हणत, घरी पेशंट बघणारी बाई. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. नळीतून अन्न देताना डोके उंच हवे. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी. या साध्या गोष्टी चुकल्या तर जीव जातो, आणि त्या वर्षानुवर्षे ऐकीव माहितीवर चालल्या.

सरकारी पातळीवर विषय आला तो १९९९ च्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरणाने. पाठोपाठ २००० साली राष्ट्रीय समाजसंरक्षण संस्थेने वृद्धसेवेचे प्रशिक्षण हाती घेतले. काही महिन्यांच्या प्रमाणपत्रापासून वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेपर्यंत त्याचे टप्पे होते. पुण्यात डॉ. शरच्चंद्र गोखले यांनी २००३ मध्ये इंटरनॅशनल लॉन्जेव्हिटी सेंटरची भारतीय शाखा उभारली. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याने दर जिल्ह्यात किमान दीडशे जणांच्या वृद्धाश्रमाची अपेक्षा ठेवली. तिथे शुश्रूषा करणारी माणसे कशी घडवायची, याची तरतूद केली नाही. २०१० मध्ये आलेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आखला आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजला विभागीय केंद्र केले.

खरा फरक पडला तो २०१३ ची कौशल्य पात्रता चौकट आणि २०१५ ची प्रधानमंत्री कौशल विकास योजना यांमुळे. जनरल ड्यूटी असिस्टंट, होम हेल्थ एड, वृद्धांसाठीचा केअरगिव्हर अशी कामे स्वतंत्र ठरली, परीक्षा आणि दाखला आला, आठवी-दहावी झालेल्या मुलीला दार उघडले. करोनाच्या काळात, जून २०२१ मध्ये, घरगुती शुश्रूषेसह सहा कामांचे जलद वर्ग देशभर सुरू झाले.

अडचण दाखल्याच्या पुढे आहे. एएनएम झालेली मुलगी जीएनएम करू शकते आणि जीएनएम झालेली पोस्ट बेसिक बीएस्सी; वरच्या पायऱ्या आहेत. खालची तुटलेली आहे. एएनएमला बारावी लागते, आणि काही महिन्यांचा असिस्टंटचा दाखला किंवा दहा वर्षे घरोघरी केलेली ड्यूटी बारावीच्या जागी धरली जात नाही. त्यामुळे पन्नाशीची अनुभवी बाई आणि कालची नवशिकी एकाच दराने कामाला जातात. हा अन्याय आहे, आणि त्याची किंमत अंथरुणावरचा माणूसही मोजतो, कारण चांगल्या हाताच्या बाया मिळेल त्या दुसऱ्या कामाला लागतात. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत कौशल्य प्रशिक्षण आणि अनुभव यांना शैक्षणिक गुण देण्याची सोय आहे. परिचर्या शिक्षणाने ती स्वीकारली तर ही पायरी जोडता येईल.

रायगड जिल्ह्यात शिकण्याच्या आणि कामाच्या जागा वाढल्या आहेत. अलिबागला २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तिथलेच जन शिक्षण संस्थान कमी शिकलेल्यांना व्यवसाय शिकवते, आणि नेरळला डिग्निटी फाउंडेशनची ज्येष्ठांची वसाहत आहे. रोहे-पेणच्या मुलीला मात्र प्रत्यक्ष कामाचा सराव मिळेल असे मोठे रुग्णालय गाठायला अलिबाग किंवा पनवेलचा रोजचा प्रवास पडतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यातल्या कामांच्या यादीत आजारी व वृद्ध व्यक्तींसाठीचे शुश्रूषा सेवक आहेत आणि त्यासाठी जर्मन भाषेचे वर्गही आखले गेले. जर्मनीत मदतनिसाचे शिक्षण साधारण वर्षभराचे, पूर्ण परिचारकाचे तीन वर्षांचे. शिकतानाच वेतन मिळते, आणि आपल्याकडे तुटलेली खालची पायरी तिथे जोडलेली आहे: मदतनीस म्हणून केलेले शिक्षण पुढच्या तीन वर्षांतून वजा होऊ शकते.