केळ्यात साखर कशाला?

पुणे-नाशिक रस्त्यावर खेड आणि मंचरच्या मधे पेठ लागतं. तिथे ओळखीच्या एका घरी दुपारी चारच्या सुमारास जाणं झालं, तेव्हा मिक्सर घरघरत होता. चार केळी, अर्धा लिटर दूध, सहा चमचे साखर आणि वर दोन गोळे व्हॅनिला आइस्क्रीम. हे सगळं तीन पेल्यांत ओतलं गेलं. एक शाळेतून आलेल्या नऊ वर्षांच्या नातवाला, एक आजींना, एक पाहुण्यांना. ‘भाजीला तोंड लावत नाही हा. निदान हे पौष्टिक तरी पोटात जातं,’ सूनबाई म्हणाल्या.

पेला हातात असतानाच हिशेब सुरू झाला. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यात, म्हणजे साधारण एका केळ्यात, सुमारे ९० कॅलरी आणि १२ ग्रॅम नैसर्गिक साखर असते. एका पेल्यात सव्वा-दीड केळं, दुधातली साखर, दोन चमचे वरची साखर आणि आइस्क्रीम धरलं की आकडा ४० ग्रॅमच्या घरात जातो. त्यातला १५ ग्रॅमच्या आसपासचा वाटा वरून घातलेल्या साखरेचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की अशी वरची साखर दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, लहान मुलासाठी त्याहून कमी. नातवाचा बहुतेक वाटा त्या एका पेल्यात संपला, आणि बिस्किटं अजून यायची होती.

पिकलेलं केळं मुळातच इतकं गोड असतं, की आपण त्यात साखर का घालतो हे कोडंच आहे. शिकरणात घालायची सवय लागली, तीच मिल्कशेकमध्ये आली. केळी जितकी पिकतात तितका त्यांतला स्टार्च मोडून त्याची साखर होते. म्हणून सालीवर काळे ठिपके आलेली केळी टाकून देण्याऐवजी तीच मिक्सरमध्ये घालावीत. जास्त झाली तर सोलून, चकत्या करून फ्रीझरमध्ये ठेवावीत. गोठलेल्या चकत्या फिरवल्या की आइस्क्रीमसारखा दाटपणा आपोआप येतो आणि बर्फही लागत नाही.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा फळ द्यायचं ठरवलं. त्या निर्णयाचं पुढे काय झालं हा वेगळा विषय, पण अंड्याऐवजी केळं ही जोडी पोषणाच्या हिशेबात जुळत नाही. अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, केळ्यात जेमतेम एक. लोहही केळ्यात नाममात्र. केळं ऊर्जा देतं, पोटॅशियम आणि ब६ जीवनसत्त्व देतं, थोडा चोथा देतं. उरलेलं दुसऱ्या कुणीतरी आणायला हवं. मूठभर भाजलेले शेंगदाणे, म्हणजे ३० ग्रॅम, केळ्यासोबत खाल्ले तर ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. शाळेतून आल्यावर केळ्याच्या चकत्यांवर शेंगदाण्याचा कूट भुरभुरून देणं हा दोन मिनिटांचा खाऊ आहे. घट्ट दह्यात केळं, जिरेपूड, चिमूटभर मीठ आणि मोहरीची फोडणी घातलेली कोशिंबीरही मुलं आवडीने खातात. त्यात साखर घालू नका, एवढंच.

प्यायलाच हवं असेल तर आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात पिकणारी नाचणी आठवावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, इतर धान्यांच्या कितीतरी पट. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ कपभर पाण्यात कालवून नीट शिजवा आणि गार होऊ द्या. त्यात एक पिकलेलं केळं, वाटीभर दही आणि वेलची घालून फिरवा. दोन पेले होतात. कच्चं पीठ तसंच घालू नका, चवही बिघडते आणि पोटही. ज्यांना गरम काही हवं, त्यांनी केळी कुस्करून त्यात मावेल तेवढी कणीक, तीळ आणि चवीला मीठ घालून घारगे थापावेत, तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तुपात भाजावेत. गूळही लागत नाही.

स्मूदीत केळ्यासोबत स्ट्रॉबेरी, द्राक्षं किंवा कोको घालणाऱ्यांसाठी एक गंमत. चिरलेलं केळं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, तेच या पदार्थांतली फ्लेव्हॅनॉल नावाची उपयुक्त द्रव्यं मोडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात केळ्याची स्मूदी प्यायलेल्यांच्या रक्तात ही द्रव्यं ८४ टक्के कमी आढळली. अभ्यास लहान होता, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. स्ट्रॉबेरी वेगळी खाल्ली की झालं.

आणि शक्य तिथे चावूनच खावं. अख्खं केळं खायला वेळ लागतो, पोट भरल्याचं कळतं. पेला दोन घोटांत रिकामा होतो. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला तर रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरवर थांबायचा आहे, म्हणजे चहाचा एक कप. केळ्याने सर्दी होते, या समजाला मात्र आधार नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. दूध-केळं हा आयुर्वेदात विरुद्ध आहार मानला आहे, पण निरोगी माणसाला त्याने अपाय होतो असा पुरावा आधुनिक पोषणशास्त्रात नाही. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला कुस्करलेलं केळं चालतं. वर्ष पूर्ण होईपर्यंत त्यात मध मात्र अजिबात नको.

राहिला आजींचा पेला. त्यांना मधुमेह आहे. तशा माणसाने केळं पूर्ण सोडायची गरज सहसा नसते. फार न पिकलेलं अर्धं केळं, तेही दाण्यांसोबत, बहुतेकांना चालतं. साखर आणि आइस्क्रीम घातलेला पेला ही वेगळीच गोष्ट. पण त्यांनी पिशवीतून तपासणीचा कागद काढून पुढे केला, तेव्हा क्रिएटिनिनसमोरचा आकडा वाढलेला दिसला. रक्तदाबाची गोळीही सुरू होती. मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर पोटॅशियम शरीरात साठतं, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही ते वाढवतात. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एका केळ्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला तो फायदा, आजींना कदाचित धोका.

‘म्हणजे मी केळं खायचं का नाही?’ आजींनी सरळ विचारलं. याचं उत्तर पोटॅशियमची तपासणी पाहून त्यांचे डॉक्टरच देऊ शकतात. सूनबाईंनी पेला उचलून बाजूला ठेवला आणि मंचरच्या दवाखान्याचा नंबर शोधायला मोबाइल हातात घेतला.