इंजिनाच्या पोटात – भाग ७ : नाक, पाठ आणि उसाची ट्रॉली

विहिरीवरचं जुनं स्लो स्पीड इंजिन ज्यानं हँडल मारून सुरू केलंय, त्याला कॅमशाफ्टची निम्मी गोष्ट आधीच ठाऊक असते. हेडवरची बारकी कळ उचलायची, हँडल गरागरा फिरवायचं, फ्लायव्हीलनं वेग धरला की कळ सोडायची. ढक्क, आणि वर काळा धूर. कळ उचललेली असताना इंजिन एवढं हलकं का फिरतं? कारण ती कळ एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरून ठेवते. सिलिंडरमधली हवा दाबली न जाता निसटते. दाब नाही म्हणून हाताला जड लागत नाही, आणि दाब नाही म्हणूनच इंजिन पेटत नाही. ही कळ लक्षात असू द्या.

मागच्या आठवड्यात सणसरला घरी होतो. पुतण्यानं मोबाईल नाकापुढे धरला. पडद्यावर १९६८ची प्लिमथ रोडरनर, उभ्या जागी थरथरणारी, आवाज ढब-ढब-ढबक् असा अडखळणारा.

"काका, हा आवाज आपल्या पद्मिनीला आणू. कॅमच तर बदलायचा."

प्लिमथ हे नाव आमच्या भागाला तसं परकं नाही. बेलवाडी, लासुर्णे मागे टाकून जंक्शनला वळलं की वालचंदनगर. ज्या वालचंद हिराचंदांनी ते वसवलं, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ गाड्या जोडायला घेतल्या. फियाट आली ती नंतर, आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. म्हणजे पुतण्याच्या मोबाईलमधली आणि आमच्या अंगणातली, दोघी एका अर्थानं चुलत बहिणी. फक्त एकीचं इंजिन १,०८९ सीसीचं आणि दुसरीचं ६.३ लिटरचं, जवळजवळ पावणेसहा पट. पण दोन्हींत कॅम ब्लॉकमध्येच बसतो आणि टॅपेट, पुशरॉड, रॉकर अशा साखळीनं व्हॉल्व्ह उघडतो. त्यामुळे एकीवर शिकलेलं दुसरीला लागू पडतं.

कॅमचा एक लोब हातात घ्या. आकार अंड्यासारखा. निमुळता भाग म्हणजे नाक, गोल भाग म्हणजे पाठ. पाठ टॅपेटखाली असताना व्हॉल्व्ह बंद, नाक आलं की उघडा. नाक किती उंच, त्यावर व्हॉल्व्ह किती उचलला जाणार ते ठरतं. लोबची उचल ७.६ मिलिमीटर आणि रॉकरचं गुणोत्तर दीड, तर व्हॉल्व्हची उचल ११.४. हा हिशेब सरळ आहे, आणि नवशिके इथेच अडकून बसतात. खरी गोम आहे नाक किती रुंद आहे, म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो त्यात.

हा वेळ क्रँकच्या अंशांत मोजतात. समजा इनटेक व्हॉल्व्ह २७० अंश उघडा राहतो. ६०० आरपीएमला त्याला ७५ मिलिसेकंद मिळतात, ६,००० ला फक्त साडेसात. एवढ्याशा वेळात सिलिंडर भरायचा, म्हणून रेसिंगच्या कॅममध्ये व्हॉल्व्ह लवकर उघडतात आणि पिस्टन वर निघाला तरी उघडेच ठेवतात. कसं चालतं ते? चारीच्या दारावर उभं राहिलेल्याला विचारा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी जोरात येत असलं की दार लावायला थोडा उशीर झाला तरी लोंढा आतच घुसत राहतो. जोर नसला की तेच पाणी उलटं फिरतं. जास्त फेऱ्यांवर आत येणाऱ्या हवेला असा लोंढ्याचा जोर असतो. कमी फेऱ्यांवर तो नसतो, आणि वर येणारा पिस्टन आलेली हवा परत कार्बोरेटरकडे ढकलतो. दाब गेला. म्हणजे विहिरीवरच्या इंजिनाची कळ अर्धवट उचललेली ठेवून गाडी चालवण्यासारखंच झालं.

तो अडखळता आवाजही इथलाच. एक्झॉस्ट बंद होण्याआधी इनटेक उघडला की काही क्षण दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहतात. जळका धूर नव्या हवेत मिसळतो, एखादा स्फोट नीट होतो, एखादा नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या नाकांमधला कोन ११२-११४ अंश असेल तर इंजिन शांत चालतं. तो १०६-१०८ वर आणला की हा एकत्र उघडे राहण्याचा काळ वाढतो आणि पुतण्याला हवं ते संगीत सुरू होतं. त्याबरोबर इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूमही पडतो. पॉवर ब्रेक असलेल्या जुन्या अमेरिकन गाडीत ब्रेकचं बळ याच व्हॅक्यूमवर असतं, म्हणजे ब्रेकचं पॅडल दगडासारखं कडक होतं.

पुतण्याला हे सगळं सांगता आलं कारण मी स्वतः त्यात पोळलोय. काही वर्षांपूर्वी याच पद्मिनीसाठी एक जादा कॅम एका शहरातल्या कारागिराकडून 'फास्ट' करून आणला होता. कॅम घासून बदलताना नाकावर धातू वाढवता येत नाही, म्हणून पाठ घासतात. घरी आवाज ऐकायला गल्ली जमली. दुसऱ्या दिवशी, गाळप ऐन भरात असताना, छत्रपती कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलो. पहिला गिअर, माणूस चालेल एवढा वेग. क्लच सोडला की गाडी आचके देई, दाबला की बंद पडे. पुढचा ट्रॅक्टर मात्र डुलत डुलत गव्हाणीकडे चालला होता. त्याचं इंजिन दोन-सव्वादोन हजारांच्या वर जातच नाही, आणि त्याचा कॅम त्याच पट्ट्यात ओढ मिळावी म्हणून बनवलेला. त्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याचा कॅम बरोबर होता आणि माझा चूक. महिनाभरात जुना कॅम परत बसवला.

रोडरनर मग कशी चालते? प्लिमथनं त्या गाडीच्या ३८३ घनइंची इंजिनात नुसता कॅम बदलला नव्हता. मोठ्या ४४० इंजिनाचा कॅम घेतला, तसे हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डही त्याचेच घेतले. कागदावर ३३५ अश्वशक्ती. माझ्या मते अख्ख्या विषयातली ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे. कॅम जितका वरच्या फेऱ्यांचा, तितकं कॉम्प्रेशन जास्त हवं, मागचा अ‍ॅक्सल जास्त दातांच्या गुणोत्तराचा हवा, गाडी हलकी हवी. वजनदार गाडी, ३.०८चा अ‍ॅक्सल आणि साडेआठचं कॉम्प्रेशन असेल तर लहान कॅम घ्या आणि गप्प बसा.

कॅटलॉग वाचताना एक फसगत टाळा. जाहिरातीतले अंश प्रत्येक कंपनी आपापल्या जागेवरून मोजते. टॅपेट पन्नास हजारांश इंच उचलल्यावर मोजलेला आकडा विचारा. जाहिरातीत २८० अंश लिहिलेला कॅम तिथं २३० भरू शकतो. जुन्या व्ही-एटला रोज चालवायचं असेल तर या मापानं २१० ते २२५ च्या पलीकडे जायची घाई नको.

जाता जाता एक. पुणे-सोलापूर रस्ता इंदापुरावरून पुढे सोलापूरला जातो, तिथं १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी कॅम ओतते. ओतीव कॅम कडक करायची एक रीत अशी : साच्यात लोबच्या जागी धातूचे ठोकळे ठेवतात. तापलेलं बीड तिथं झटकन थंड होतं, वरचा थर कडक होतो आणि गाभा जरा मऊ राहतो. गुऱ्हाळावर काहिलीतला थेंब थंड पाण्यात टाकून गोळी बघतात, ते मला दर वेळी आठवतं. शास्त्र अर्थात वेगळं.

नवा कॅम बसवलात तर हेड कायमचं आवळण्याआधी पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती थापा, हेड ठेवा, क्रँक हातानं दोनदा फिरवा. हेड काढून व्हॉल्व्हनं मातीत उमटवलेला खड्डा ब्लेडनं कापा आणि तळाशी उरलेली जाडी मोजा. इनटेकला निदान २ मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच. कमी भरली तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकणार.

सपाट टॅपेटच्या कॅमला पहिली वीस मिनिटं फार मोलाची. लोब किंचित तिरका आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, म्हणून टॅपेट स्वतःभोवती फिरत झिजेची वाटणी करतो. ते फिरणं सुरू व्हायला आणि कॅमवर तेल उडायला वेग लागतो. जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं तेल भरा, आणि इंजिन सुरू झाल्याक्षणी दोन हजारांच्या वर न्या. वीस मिनिटं तिथंच, खालीवर करत. आयडलिंगला अजिबात आणू नका. आमच्याकडे जुना कॅम परत बसवला तेव्हा टॅपेट नवे टाकले होते, म्हणून हेच करावं लागलं, तेही दुपारी दोन वाजता. शेजारच्या काकू दोनदा येऊन विचारून गेल्या, काय जळतंय का म्हणून.

पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा.