नवी सायकल घरी जोडताय? आधी डाव्या पायडलची गंमत समजून घ्या

सेलमध्ये सायकल स्वस्तात मिळते, म्हणून ऑर्डर दिली जाते. काही दिवसांनी दारात एक लांबलचक चपटा खोका येतो आणि मग लक्षात येतं की आत सायकल आहे, पण पूर्ण नाही. वेबसाइटवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, "८५ टक्के असेंबल्ड".

८५ टक्के ऐकायला भारी वाटतं. चेन, गिअर, मागचं चाक हे किचकट काम कारखान्यात झालेलं असतं, ते खरंच. पण उरलेल्या १५ टक्क्यांत काय येतं? हँडल, पुढचं चाक, पुढचा ब्रेक, सीट आणि पायडल. म्हणजे चालवणाऱ्याचा जीव ज्यांच्या भरवशावर असतो, नेमके तेच भाग.

पूर्वी हा प्रश्न गिऱ्हाइकापर्यंत यायचाच नाही. सायकल दुकानात सुट्या भागांतच यायची आणि दुकानातला मेकॅनिक ती फिट करायचा. गिऱ्हाईक फक्त रंग निवडायचं आणि घंटी वाजवून बघायचं. आता तो मेकॅनिक मधून गेलाय आणि त्याचं काम खोक्यातल्या पत्र्याच्या पान्यासकट आपल्या गळ्यात आलंय.

सगळ्यात महागात पडणारी चूक पायडलची. दोन्ही पायडल सारखीच दिसतात, पण तशी नसतात. रॉडच्या टोकाला आर आणि एल ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. आर उजवीकडे, एल डावीकडे. उजवं पायडल नेहमीसारखं घड्याळाच्या दिशेने आवळतं. डाव्याचे आटे मात्र उलटे असतात, ते घड्याळाच्या विरुद्ध फिरवावं लागतं. हे माहीत नसलेला माणूस डावं पायडल सरळ फिरवतो, ते बसत नाही, मग आणखी जोर लावतो. पायडलचा रॉड स्टीलचा आणि क्रँक बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा. हरतो तो ॲल्युमिनियम. आटे सोलवटले की बहुतेक वेळा नवा क्रँक घ्यावा लागतो.

पण आटे उलटे का? सैलसर मुठीत पेन्सिल धरा आणि तिचं टोक गोल गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरताना दिसेल. पायडल मारताना पायाचा भार खालीच असतो, पण क्रँक फिरत असल्यामुळे त्याच्या दृष्टीने तो भार रॉडभोवती गोल फिरतो. भोकात केसभर फट असली तरी रॉड हळूहळू वळत जातो. दोन्ही बाजूंना सरळ आटे ठेवले असते तर डावं पायडल चालवता चालवता सुटून आलं असतं. विमानाआधी सायकली बनवून विकणारे अमेरिकेतले राइट बंधू १९०० च्या सुमारास "न सुटणारं पायडल" म्हणून हीच युक्ती आपल्या सायकलींवर देत होते.

लक्षात ठेवायला सोपं: पाना वरच्या बाजूने लावा आणि पुढच्या चाकाच्या दिशेने ढकला. दोन्ही पायडल आवळली जातात. सुरुवातीचे तीन-चार फेरे मात्र पान्याशिवाय, बोटांनीच द्यायचे. आट्यांना आधी थोडं ग्रीस लावलं तर पुढे कधी काढताना शिव्या द्याव्या लागत नाहीत.

दुसरी हमखास चूक पुढच्या चिमट्याची. पॅकिंगसाठी तो बऱ्याचदा मागे वळवलेला असतो आणि तसाच उलटा ठेवून वर हँडल बसवलं जातं. साधा ब्रेक असेल तर तो चिमट्याच्या पुढच्या बाजूला दिसला पाहिजे. डिस्क असेल तर ती बसणाऱ्याच्या डाव्या हाताला. उलट्या चिमट्याची सायकल चालते, पण वळवताना बिथरल्यासारखी वागते आणि पाय पुढच्या चाकाला लागू शकतो.

डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा छोटा तुकडा अडकवलेला असतो. तो काढल्याशिवाय चाक बसणार नाही. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर तुकडा काढल्यावर, चाक बसेपर्यंत लिव्हर दाबायचाच नाही. पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि मग डिस्कला आत शिरायला जागाच उरत नाही.

हँडलमध्ये क्रम महत्त्वाचा. नव्या पद्धतीच्या सायकलींत वरच्या टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढतो. आधी तो हलकेच आवळायचा, मग हँडल चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट पक्के करायचे. जुन्या पद्धतीत हँडलचा दांडा खाली नळीत उतरतो. त्यावर एक खूण असते, ती नळीच्या आत गेलीच पाहिजे. सीटच्या नळीवरही अशीच खूण असते. उंच माणसं ती सर्रास बाहेर ठेवतात, मग फ्रेमला तडा जातो.

रस्त्यावर उतरण्याआधी दोन मिनिटं काढा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळा, फिरता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला, हँडलखाली टक-टक जाणवली तर बेअरिंग ढिलं आहे. टायरच्या कडेवर लिहिलंय तेवढीच हवा भरा. पहिली चक्कर सोसायटीच्या आवारात, उतारावर नाही.

हे सगळं करूनही चाक डुगडुगत असेल, तर तारा घरी आवळत बसू नका. आऊट काढणं हे सवयीच्या हाताचं काम आहे, चौकातला सायकलवाला ते करून देतो. पहिले काही दिवस चालवल्यावर क्रँक आणि पायडल पुन्हा एकदा आवळून घ्या. डाव्या बाजूने कुरकुर ऐकू आली तर त्याच दिवशी.