पावसाला चार फूट

कोकणात पडवी बांधायची तर आधी पावसाशी बोलणी उरकून घ्यावी लागतात. दापोलीच्या बाजूला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो, आणि बऱ्याचदा नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर बसून तिरपा येतो. उरलेले आठ महिने ऊन, धूळ आणि समुद्राची खारी हवा. अशा ठिकाणी माणसाला निवांत पाय पसरून बसता येईल आणि घरच्यांना त्यासाठी रोज उठून काही पुसावे-घासावे लागणार नाही अशी जागा हवी असेल, तर तिचा बेत जोत्याची उंची, छपराचा उतार आणि पागोळीची रेघ यांतच करून ठेवावा लागतो. खुर्च्या आणि कुंड्या नंतर. आमच्या गावच्या घराची पडवी नव्याने उभी राहिली तेव्हा गवंडी आणि सुतार यांच्या पाठीपाठी फिरून मी हे जवळून पाहिले. गावाकडचे घर नीट करू पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते इथे सविस्तर मांडते आहे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आदळले. त्याचा तडाखा दापोली-मंडणगडपर्यंत बसला. माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांची छपरे उघडी पडली. आमच्या पडवीची कौले, रीपा आणि काही वासेही गेले. नंतर बराच काळ तिथे ताडपत्री होती. पडवी पुन्हा बांधायची ठरली तेव्हा ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच सल्ला होता: वर पत्रा टाका, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स बसवा, पुढे ग्रिल आणि सरकत्या काचा लावा, म्हणजे कटकट नको. सल्ला देणारे आपुलकीनेच सांगत होते, कारण वादळानंतर महिनोन् महिने कौले मिळत नव्हती हे सगळ्यांनी भोगले होते. पण पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी बसवत नाही, आणि आषाढात समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. गुळगुळीत टाइलवर ओला पाय पडला की म्हातारे माणूस घसरते. काचा लावल्या की पडवीची खोली होते, मग तिला पंखा लागतो, पडदे लागतात, काचा पुसणारे कोणी लागते. कटकट टाळण्याच्या या यादीतली प्रत्येक वस्तू नवे काम घेऊन येते.

गवंडीकामाचे मिस्त्री आले आणि त्यांनी टेप काढण्याआधी जुन्या जोत्यापाशी उकिडवे बसून पाहायला सुरुवात केली. “ताई, आधी पाणी कुठं पडतंय आणि कुठं जातंय ते बघू,” ते म्हणाले. जमिनीवर जोत्याला समांतर अशी बारीक खळग्यांची एक ओळ होती. वर्षानुवर्षे पागोळ्या पडून झालेली. त्या ओळीसमोर जोत्याच्या चिऱ्यांवर हातभर उंचीपर्यंत तांबड्या मातीचे शिंतोडे वाळून बसले होते, आणि त्या पट्ट्यातल्या चिऱ्यांमधल्या दरजा पोखरल्या होत्या. वरचे चिरे मात्र जसेच्या तसे. जोते खराब झाले होते ते जमिनीवरून उडणाऱ्या पाण्याने. वरून येणाऱ्या पावसाने त्याला काही केले नव्हते. जुन्या छपराची पागोळी जोत्याच्या फार जवळ पडत होती.

मग हिशेब झाला. पडवीचे तोंड दक्षिणेला. मुख्य छपराचाच उतार पुढे ओढून पागोळीची कड पडवीच्या जमिनीपासून साडेसहा फुटांवर ठेवायची, म्हणजे उंच माणसाचे डोके लागणार नाही. पाऊस वाऱ्याने 45 अंशांत कलला, तर साडेसहा फूट खाली येईपर्यंत तो साडेसहा फूट आतही येतो. छप्पर जोत्याबाहेर अडीच फूट काढले, तर त्यातले अडीच फूट बाहेरच्या बाहेर जातात आणि पडवीत शिरतात चार फूट. जुनी पडवी जेमतेम सहा फुटांची होती. तिच्यात पाऊस आला की माणसांना माजघरात पळावे लागे. नवी नऊ फुटांची झाली: पुढचे चार फूट पावसाचे, मागचे पाच माणसांचे. याहून आडवी झड येतेच, पण ती थोड्या वेळाची असते. तेवढ्यापुरते आत जावे. बाकीचा पावसाळा अंगाला थेंब न लागता पाहता येतो.

त्याच हिशेबात ऊनही बसले. दापोली साधारण पावणेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 49 अंशांवर असतो, तेव्हा ऊन पागोळीखालून पडवीत सुमारे तीन फूट आत येते. मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा उत्तरेलाच असतो. म्हणजे कडक उन्हाळ्यात दक्षिणेच्या पडवीत दुपारचे ऊन येतच नाही, आणि हवेहवेसे वाटते त्या दिवसांत ते आपण होऊन येते. पावसाळ्यात जो पट्टा भिजतो, तोच थंडीत उन्हात तापतो. चार महिन्यांत धरलेले शेवाळ त्या उन्हाने वाळून जाते आणि एकदा खराटा मारला की निघते. यंत्र नाही, औषध नाही.

पश्चिम तेवढी अवघड. दुपारनंतरचे ऊन खाली उतरलेले असते, त्याला कितीही लांब छप्पर अडवू शकत नाही. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर त्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. दर वर्षी ते विणायला आता माणसे नाहीत. तिथे चिऱ्यांचीच भिंत घातली, पण खांद्याच्या वर एकाआड एक चिरा वगळून जाळी ठेवली. चिरा जाड, त्यामुळे भोकही खोल. तिरपे ऊन त्या भोकातच अडकते आणि दुपारचा खारा वारा मात्र आरपार येतो. भिंतीला गिलावा नाही, रंग नाही. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. त्याच्या अंगावर गिलावा थापला तर आतली ओल अडते आणि दोन-चार पावसांत पोपडे सुटतात. उघडा ठेवला की तो आपले आपण पाहतो. फक्त दरजा नीट भरलेल्या हव्यात.

छपराला सुतारांनी उरलेले जुने सागाचे वासेही पुन्हा वापरले. खांब थेट जमिनीत न गाडता दगडी तळखड्यावर उभे केले, म्हणजे ओल लाकडात चढत नाही आणि वाळवी आली तरी तिची मातीची वाट डोळ्यांना दिसते. खांबांच्या बुंध्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावले. ते हाताला लागले तर फोड येतात, म्हणून त्या दिवशी मुलांना तिकडे फिरकू दिले नाही. मंगलोरी कौले शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. कौल पालथे केले की खाली एक कान दिसतो आणि त्या कानाला भोक असते. ते तारेसाठी आहे, पण एरवी कोणी तार घालत नाही, कारण कौल आपल्या वजनानेच बसते. वादळात वारा आधी कडेची ओळ उचलतो, तिच्या मागोमाग पुढच्या ओळी सुटतात. म्हणून पागोळीकडच्या दोन ओळी आणि दोन्ही बाजूंच्या कडा तांब्याच्या तारेने रीपांना बांधल्या. लोखंडी तार खाऱ्या हवेत टिकत नाही. आंब्याची छपरावर आलेली फांदीही उतरवली. वानरे तिथूनच कौलांवर उड्या टाकत, आणि फुटकी कौले बदलत बसणे हे पडवीचे सर्वांत चिवट काम होते.

जमीन करताना मिस्त्रींनी पावसाचा पट्टा आणि माणसांचा पट्टा वेगळे धरले. पुढच्या चार फुटांत न घासलेली, खरबरीत शहाबादी फरशी. ओल्या पायाला ती धरते. मागच्या पाच फुटांत लाल कोबा. ढाळ सुतात मोजला, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग: मागे फुटाला एक सूत, पुढे फुटाला दीड सूत. भिंतीपासून कडेपर्यंत मिळून दीड इंचाच्या आतच फरक पडतो. चालताना तो पायाला कळत नाही, पाण्याला कळतो.

कोब्याचे काम मात्र बसून पाहण्यासारखे. खालचे काँक्रीट झाल्यावर काचेच्या पट्ट्या उभ्या रोवून जमिनीचे चौकोन पाडले. सिमेंट आकसते तेव्हा तडा जायचाच असतो, तो पट्टीपाशी जावा म्हणून. सिमेंट आणि लाल रंग कोरडेच, पुन्हा पुन्हा चाळून एकजीव केले. रंग कमी-जास्त मिसळला तर जमिनीवर ढग उमटतात. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, एकेक चौकोन घेतला आणि एकदा हातात घेतलेला चौकोन पुरा केल्याशिवाय कोणी चहालाही उठले नाही, कारण मधे थांबले की सांधा दिसतो. पहिल्या हातानंतर मिस्त्री थांबून अंगठा टेकवून पाहत. ठसा उमटला पण अंगठ्याला काही लागले नाही, की घोटाईची वेळ झाली. मग थापी जवळजवळ आडवी धरून, अंगाचा भार देऊन, एकाच लयीत घोटत जायचे. प्रत्येक फेरीला थापीचा आवाज बदलत होता. आधी ओला, मऊ. शेवटी कोरडा, घासल्यासारखा. त्या शेवटच्या आवाजाबरोबर जमिनीवर खांबाचे प्रतिबिंब उमटायला लागले. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर कोब्यावर पाणी कोंडून ठेवले. सुकल्यावर खोबरेल तेलाचा हात दिला. असा कोबा वापराने उजळत जातो. रोज अनवाणी फिरणारे पाय हीच त्याची निगा.

बसायला भिंतीलगत चिऱ्यांचा कट्टा. त्याची उंची कागदावर ठरली नाही. मिस्त्रींनी चिरे एकावर एक रचले आणि आमच्या आत्याला बोलावले. तिचे गुडघे दुखतात. “आत्या, बसा. आता हात न टेकता उठा.” ती दोनदा बसली-उठली, खाली एक फळी सरकवली, मग जमले. साडेसतरा इंच भरले. तेच माप कट्ट्याला दिले. खोली दीड फूट, पाठ थोडी कललेली. वर शहाबादीच घातली. कडाप्पा काळा असल्याने तापतो. शहाबादी हा चुनखडीचा दगड, त्यावर लिंबू-कोकम सांडून राहिले तर पांढरा डाग पडतो, तेवढे मात्र सांभाळायचे. तुळईला सागाच्या फळीचा झोपाळा, कड्या पितळी. वेताच्या खुर्च्यांना पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून त्या घेतल्या नाहीत. दिवा पिवळा, आणि तोही बसायच्या जागेपासून दूर, पूर्वेच्या टोकाला. पहिल्या पावसानंतर निघणारी वाळवीची पाखरे पांढऱ्या उजेडावर जास्त धावतात. पागोळीच्या रेघेखाली दीड फूट रुंदीचा चर खणून त्यात नदीतले गोटे भरले. पाणी गोट्यांवर फुटते, खाली मुरते, आणि जोत्याला माती लागत नाही.

आता वर्षाचे काम एवढेच. मेमध्ये एकदा छपरावर चढून सरकलेली कौले बसवायची, कौलांवरचा पाचोळा काढायचा. पावसाळा संपला की शहाबादीवर खराटा मारायचा, चरातले गोटे वर काढून गाळ उपसायचा, तळखड्यांपाशी वाळवीची वाट दिसते का ते पाहायचे. कोब्याला दिवाळीआधी तेलाचा हात. बाकी वर्षभर फक्त झाडू.

इतके सगळे एका बसायच्या जागेसाठी कशाला, असे कोणी विचारेल. मला ते फार महत्त्वाचे वाटते. गोव्यातल्या जुन्या घरांना दारासमोर बाल्कांव असतो, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसायचे सोपे बांधलेले. संध्याकाळी घरातली माणसे तिथे येऊन बसतात आणि रस्त्याने जाणारा दोन शब्द बोलून जातो. कोकणातली पडवी हेच काम करत आली आहे. टपाल तिथे येते, आंब्याचा भाव तिथे ठरतो, आजाऱ्याची चौकशी तिथे होते, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने आज दार उघडले की नाही हे शेजाऱ्याला तिच्यावरूनच कळते. गावोगाव मुंबईकरांची बंद घरे आणि एकटे म्हातारे वाढत असताना, नव्या बांधकामात पहिला घाला पडवीवर पडतो याचे मला वाईट वाटते. तिला ग्रिल लागते, मग काच, मग कुलूप.

म्हणून घर नवे करणाऱ्याला माझे सांगणे आहे: नकाशा काढताना पडवीची रुंदी सर्वांत आधी लिहा आणि ती नऊ फुटांच्या खाली आणू नका. जागा कमी पडली तर आतली खोली फूटभर लहान करा. पागोळी जोत्यापासून लांब टाका, पश्चिम अडवा, दक्षिण उघडी ठेवा, आणि उंची ठरवताना घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला एकदा बसवून-उठवून पाहा. पैसे महागड्या वस्तूंवर घालण्याऐवजी चांगल्या गवंड्याच्या हातावर घाला. हे एवढे झाले की पडवी तुमच्याकडून वर्षाला दोन-तीन दिवसांचे काम घेते आणि उरलेले सगळे दिवस तुम्हाला बसायला देते.