व्यवसाय कर व रोजगार हमी निधी, महाराष्ट्र

ग्रामीण भागातील गरजूंना रोजगार पुरविण्याच्या प्रयोजनाने उत्पन्न असलेल्या वर्गांवर कर बसविण्याची महाराष्ट्र राज्याची व्यवस्था. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रत्येक ग्रामीण प्रौढ व्यक्तीस काम देण्याची हमी राज्याने स्वीकारली आणि तिचा खर्च भागविण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवर कर आकारण्यास प्रारंभ केला. सधनांवरील कर समाजाला कोणत्या अटींवर मान्य होतो आणि गरिबांना द्यावयाच्या सार्वजनिक साहाय्याकडे तो कोणत्या दृष्टीने पाहतो, या दोन्ही प्रश्नांच्या दृष्टीने ही व्यवस्था अभ्यसनीय आहे.

पूर्वेतिहास : निर्धनांच्या पोषणासाठी मालमत्ताधारकांवर पट्टी बसविण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १६०१ च्या दारिद्र्य कायद्याने दृढ केली. ‘मदत सुलभ झाल्यास आळस वाढतो’, हा आक्षेप तेथे उत्तरोत्तर बळावला व १८३४ च्या सुधारणा कायद्याने साहाय्य मिळविणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब श्रमिकाच्या स्थितीपेक्षा हलकी ठेवण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले. भारतातील ब्रिटिश दुष्काळनीतीवर याच विचारसरणीची छाप पडली. १८७६–७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करविली. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी त्यावर कामे सोडून निषेध व्यक्त केला आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

या दुष्काळानंतर भावी संकटांसाठी दरवर्षी दीड कोटी रुपयांची तरतूद करण्याचे हिंदुस्थान सरकारने ठरविले व त्याकरिता १८७८ मध्ये व्यापार-धंद्यांवर परवाना कर बसविला. लहान दुकानदार व कारागीर त्याच्या कक्षेत आले. सरकारी अधिकारी आणि वकील, डॉक्टर यांसारखे व्यावसायिक मात्र वगळले गेले. सुरत येथे या कराविरुद्ध दंगल उसळली. पुढे अफगाण युद्धाच्या काळात हे दुष्काळ-अनुदान काही काळ थांबविण्यात आल्याने सरकारने वचनभंग केल्याची टीका झाली. कराचा भार कोणावर पडतो आणि जमा झालेला पैसा सांगितलेल्या कामीच लागतो की नाही, हे दोन प्रश्न तेव्हापासून अशा प्रत्येक कराला चिकटलेले आहेत. संस्थानी मुलखात साहाय्याचे निराळे स्वरूपही आढळते. १८९६-९७ च्या दुष्काळात कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी दुष्काळी कामांबरोबरच स्वस्त धान्याची दुकाने व जनावरांच्या छावण्या उघडल्या होत्या.

योजनेचा उगम : विधान परिषदेचे सभापती (१९६०–७८) वि. स. पागे हे रोजगार हमीच्या कल्पनेचे प्रवर्तक होत. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६० नंतरच्या दशकात तिचा प्रायोगिक अवलंब झाला. राज्याने १९७२ मध्ये ती स्वीकारली. तथापि त्याच सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळामुळे सर्व यंत्रणा तातडीच्या कामांकडे वळवावी लागली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या जवळजवळ ५० लाखांपर्यंत गेली. दुष्काळ ओसरल्यावर १९७४-७५ पासून योजनेला गती आली. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने एकमताने संमत केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्यानुसार मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम देणे शासनावर बंधनकारक झाले. तसे न घडल्यास बेकारी भत्ता देय ठरला. बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव, वनीकरण, रस्ते इ. कामे प्रामुख्याने हाती घेण्यात आली.

निधीची रचना : व्यवसाय कर हा निधीचा प्रमुख स्रोत होता. त्याशिवाय मोटार वाहनांवरील अतिरिक्त कर, विक्रीकर व जमीन महसूल यांवरील अधिभार, ओलिताच्या शेतजमिनींवरील विशेष आकारणी आणि शहरांतील निवासेतर जमिनी व इमारती यांवरील कर यांचे उत्पन्न निधीत जमा होई आणि तितकीच रक्कम राज्य शासन आपल्या तिजोरीतून घाली. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराची वार्षिक कमाल मर्यादा प्रत्येक व्यक्तीस २५० रु. ठरविली होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रु. करण्यात आली.

मान्यतेची कारणे : या करांना मोठा विरोध झाला नाही, याची कारणे तीन. पहिले, साहाय्य दान म्हणून नव्हे, तर श्रमाचा मोबदला म्हणून दिले जात होते. उन्हात खडी फोडण्यास वा माती वाहण्यास गरजूच येणार, त्यामुळे लाभार्थींची पात्रता तपासण्याचे कारण उरले नाही. घेणाऱ्याचा स्वाभिमान राहिला आणि देणाऱ्याच्या मनातील ‘ऐतखाऊपणा’चा आक्षेपही मावळला. दुसरे, कराचे प्रयोजन कायद्यातच नमूद होते. तिसरे कारण हितसंबंधांचे. खेड्यांतून शहरांकडे येणारे लोंढे रोखले जाणे नागरी करदात्यास हवे होते, तर बांधबंदिस्ती व पाझर तलावांमुळे मोठ्या जमीनधारकांच्या विहिरींचे पाणी वाढत होते. गरिबाला मजुरी मिळाली. टिकाऊ मत्तेचा मोठा वाटा मात्र भूमिहीनाकडे नव्हे, तर भूधारकाकडे गेला, हा टीकाकारांचा मुद्दा यातूनच उद्भवतो.

मर्यादा : व्यवसाय कर ‘सधनांवरील कर’ या वर्णनास पूर्णपणे पात्र नाही. कोल्हापूर शहरालगतच्या उचगावसारख्या (ता. करवीर) निमनागरी गावाचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. तेथून कारखान्यात जाणारा, दरमहा दहा हजार रुपयांहून अधिक वेतन मिळविणारा कामगार वर्षाला २,५०० रु. भरतो, लाखांत वेतन घेणारा अधिकारीही तेवढेच भरतो. शेजारचा बागायतदार उसाच्या उत्पन्नावर हा कर भरत नाही. कमाल मर्यादा १९८८ पासून तीच राहिल्याने वाढत्या उत्पन्नाच्या प्रमाणात उच्च वर्गावरील भार घटत गेला आहे. दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून सूट देण्यात आली, ही त्यातील एक सुधारणा होय. संपत्तीवर थेट आकारले जाणारे केंद्रीय कर याहून अधिक प्रगतिशील होते. परंतु १९५३ चे मृत्युशुल्क १९८५ मध्ये व १९५७ चा संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला. त्यांचे उत्पन्न कोणत्याही नामनिर्दिष्ट लोकोपयोगी कार्याशी बांधलेले नव्हते.

निधीच्या विनियोगाबाबतही प्रश्न उपस्थित झाले. १९८८ मध्ये मजुरीचे दर सुमारे दुप्पट झाल्यानंतर कामांवरील उपस्थिती वाढण्याऐवजी घटली. खर्च आवरण्यासाठी कामेच कमी काढली गेली, असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी काढला. पुढील काळात अनेक वर्षी जमा खर्चापेक्षा अधिक राहिली. मागणी नोंदविणारा मजूर आणि कर भरणारा नोकरदार या दोघांनाही या शिलकेचा हिशेब सहजी कळत नव्हता.

उत्तरकाल : या अनुभवाच्या आधारे संसदेने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत केला. फेब्रुवारी २००६ मध्ये तो २०० जिल्ह्यांत व एप्रिल २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. अकुशल मजुरीचा भार त्यान्वये केंद्राने उचलला. त्यामुळे महाराष्ट्रातील व्यवसाय कर व गरिबाची मजुरी यांतील प्रत्यक्ष दुवा सैल झाला, कर मात्र चालू राहिला. १८७८ चा परवाना कर व १९७५ चा व्यवसाय कर यांची तुलना केल्यास असे दिसते, की दुर्बळांसाठी कर देण्यास समाज सहसा नाखूष नसतो. भार समन्यायी नाही किंवा पैसा अन्यत्र जातो, अशी शंका आल्यावर त्याची ही तयारी ओसरते.